अस्तराचा तुकडा

लाथ बसली तेव्हा जो आवाज झाला तो दातांचा होता. हाडावर बसलेल्या लाथेचा आवाज बोदा येतो, आणि कत्तलखान्यात मांस तपासण्यात ज्या बाईची उभी हयात गेली तिचा कान एवढा फरक ओळखण्याइतका तयार असतो. डॉक्टरीणबाई चाकांच्या स्टुलासकट मागे गेल्या, स्टूल भिंतीवर आदळले, हाताखालचा ट्रे कलंडला, आणि त्यातली स्टीलची हत्यारे फरशीवर इतका वेळ वाजत राहिली की जणू ती एका ट्रेमधून पडलीच नव्हती, कोणीतरी मुठीमुठीने फेकत होते. ती स्वतः टेबलावर तशीच उताणी पडलेली होती. डावा पाय अजून टेबलाच्या खोबणीत होता, उजवा हवेत. टाचेला काहीतरी कोमट लागले होते आणि पोटाच्या तळाशी, आत, चिमट्याने धरलेल्या जागी, एक कळ अजून ओढ घेत होती. "अहो ताई! काय केलंत हे!" सिस्टर किंचाळली. डॉक्टरीणबाईंनी तळहात तोंडावर दाबला होता. बोटांच्या फटींतून रक्त मनगटाकडे उतरत होते. तशाही स्थितीत त्या म्हणाल्या, "असू दे. रिफ्लेक्स आहे. होतं असं." तो शब्द तिने उताण्या अवस्थेतच पटकन उचलला. "हो," ती म्हणाली, "आपोआप झालं."

पाळी थांबून चार वर्षे झाल्यावर एका सकाळी तिच्या कपड्यांवर रक्त दिसले होते. रक्ताचे तिला काही वाटले नाही. रक्तात पाय रोवून उभे राहणे हाच तिचा व्यवसाय. पण हे रक्त आपले आहे हे लक्षात यायला तिला जो वेळ लागला, त्याने ती दचकली. आधी वाटले, कामावरचेच कुठून तरी आत आले असेल. मग सोनोग्राफी झाली, गर्भाशयाचे अस्तर जाड दिसते असे कळले, आणि तुकडा काढून तपासायला हवा असे ठरले. डॉक्टरीणबाईंनी नळी आधी हातात धरून दाखवली होती. बॉलपेनच्या रिफिलसारखी बारीक प्लास्टिकची नळी, आत एक दट्ट्या. नळी आत न्यायची, दट्ट्या ओढायचा, पोकळी तयार झाली की अस्तराचा तुकडा आपसूक आत ओढला जातो. कापाकापी नाही, टाका नाही, भूल नाही. "पाच मिनिटांचं काम. चिमटा काढल्यासारखं वाटेल." पूर्वी याच कामासाठी बाईला बेशुद्ध करून आतले अस्तर खरवडून काढावे लागे, हेही त्यांनी सांगितले. तिला ती नळी आवडली. साधे, स्वच्छ अवजार होते. कोणी तरी डोके लढवून केलेले. पण नळी जाण्यासाठी गर्भाशयाचे तोंड स्थिर धरावे लागते आणि ते धरायला दोन अणकुचीदार टोकांचा चिमटा असतो, तो त्यांनी हातात धरून दाखवला नव्हता. तो बसला तेव्हा तिने टेबलाच्या कडा धरल्या. नळी गेली तेव्हा डोळ्यांपुढे पांढरे झाले. नळी बाहेर आली आणि सवयीने तिने मान उचलून पाहिले. ज्या देहातून जे निघेल ते पाहायचे, ही सवय. पारदर्शक नळीत बोटभर लांबीचे काहीतरी होते, पांढरट, भुसभुशीत, मधूनमधून लाल. डॉक्टरीणबाईंनी ते औषधाच्या बाटलीत सोडले आणि म्हणाल्या, "थोडं कमी आलंय. अजून एकदाच." ती म्हणाली, "थांबा." "एकदाच, झालंच," त्या म्हणाल्या, आणि नळी पुन्हा आत गेली. त्यानंतर लाथ. उघडी बाटली ट्रेबरोबर गेली. तुकडा फरशीवर कुठेतरी त्या हत्यारांच्या गर्दीत पडला आणि कोणाच्या तरी चपलेखाली चिरडला गेला.

मुलगी बाहेर बाकावर बसली होती. तिने आत पळत जाणारी दुसरी सिस्टर पाहिली, मग बर्फाची पिशवी घेऊन जाणारा वॉर्डबॉय पाहिला, आणि शेवटी आईला चालत येताना पाहून ती उभी राहिली. "काय झालं? तुला काय केलं त्यांनी?" "मला काही नाही. डॉक्टरांना लागलं." "कशाने?" "माझ्या पायाने." मुलीने तोंडावर हात घेतला, आणि रिक्षात बसल्यावर तिला हसू आवरेना. "आई, तू डॉक्टरला लाथ मारलीस? तोंडावर? अगं, लोक तक्रार करतात, फार तर फी देत नाहीत." रिक्षावाल्याने आरशातून पाहिले. "आपोआप उठला पाय," ती म्हणाली. "डॉक्टरच म्हणाल्या तसं." मुलगी हसायची एकदम थांबली आणि बाहेर बघू लागली. रस्त्यावर कोणी तरी पत्र्याचे बोर्ड ट्रकमधून खाली टाकत होते, एकावर एक, आणि प्रत्येक वेळी आईच्या पोटातली कळ त्या आवाजाबरोबर वर येत होती.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. रजा घे, असे मुलगी म्हणाली होती, पण घरी बसून ती काय पाहणार होती? कत्तलखान्यात तिला सगळे शिक्केवाली म्हणत. पास झालेल्या मांसावर निळा शिक्का, बाद झालेल्यावर लाल. "शिक्केवाल्या बाई आल्या रे, पोटं आत घ्या," जनावरे टांगून पुढे नेणाऱ्या साखळीवरचा म्हातारा कामगार रोज ओरडे, "नाही तर लाल मारतील." आजही तो ओरडला. ती रोजच्यासारखे म्हणाली नाही की तुला मारायला शाईसुद्धा फुकट घालवणार नाही. तो दचकून तिच्याकडे पाहत राहिला. बूट, एप्रन, साखळीच्या कड्यांचा हातमोजा चढवून ती तिच्या जागी उभी राहिली आणि पलीकडच्या पिंजऱ्यात पहिले जनावर आले. कपाळावर पिस्तूल टेकले, त्यातला पोलादी बोल्ट कवटी फोडून आत गेला आणि परतला, जनावर चारी पाय एकदम काढून घेतल्यासारखे कोसळले, आणि मग त्याचे मागचे पाय झाडू लागले. नवीन आलेली माणसे या वेळी नेहमी मागे सरतात. त्यांना वाटते, जनावर जिवंत आहे, लढते आहे. तिने अशा कित्येकांना शिकवले होते, की पायांकडे बघू नका, डोळ्याकडे बघा. बुबुळाला बोट लावा. पापणी हलली तर ते जनावर शुद्धीवर आहे, मग ते कितीही निपचित पडलेले असो. पाय झाडणे हे मणक्याचे काम. त्यात जनावर नसते. आपोआप उठलेल्या पायाला नेम नसतो. आज हे वाक्य तिच्या मनात आले, आणि सुरी हातात असताना तिला एकाएकी वाटले की आपल्या बुबुळाजवळ कोणी तरी बोट आणते आहे.

कारण तिच्या पायाला नेम होता. यकृत उलटवून, पित्तनळी उभी चिरून, अंगठ्याने दाबत ती ते सगळे पुन्हा पाहत होती, आणि पाहायला भरपूर होते. तिने आधी पाय खोबणीतून सोडवला होता. कापडी पट्टा होता, त्यातून घोटा फिरवून काढावा लागला. मग गुडघा पोटाशी घेतला. मग ती थांबली, कारण डॉक्टरीणबाईंचे डोके दिव्याखाली वाकलेले होते आणि तेथे लाथ घातली असती तर ती टाळूवर बसली असती. तिला टाळू नको होती. तिला तोंड हवे होते, 'एकदाच' म्हणणारे. ते वर येईपर्यंत ती थांबली. डोके वर आले, डोळ्याला डोळा भिडला, आणि तिने टाच सरळ केली. दात टाचेला लागले तेव्हा अंगभर जे पसरले त्याला दुसरे नाव नव्हते. ते सुख होते. तहानेने घसा सुकलेला असताना पाणी मिळावे तसे. तिने यकृत हुकावर टाकले आणि पुढचे ओढले. फुप्फुसाच्या मुळाशी असलेली गाठ दुभंगली, आत काही नव्हते, निळा शिक्का. पुढची दुभंगली, चुन्यासारखा पू, लाल. तिच्या टाचेला दोन लहान खुणा होत्या. सकाळी आंघोळीला बसताना तिने त्यांवरून बोट फिरवले होते.

या सुखामागे एक जुने देणे होते, हेही तिला माहीत होते; ते काही लपलेले नव्हते. एकतीस वर्षांपूर्वी अशाच एका टेबलावर दोघींनी तिचे गुडघे फाकवून धरले होते आणि तिसरी तिच्या मांड्यांवर उघड्या हाताने फटके मारत होती. "तेव्हा नाही ओरडलीस ती? आता कशाला गळा काढतेस?" असे म्हणाली होती. बाळ आल्यावर टाके घातले, तेही तसेच, भुलीशिवाय, आणि टाके घालणारा डॉक्टर बाजूच्या माणसाशी आपल्या स्कूटरच्या क्लचविषयी बोलत होता. ती तेव्हा हलली नव्हती. पायाचा अंगठासुद्धा हलला नव्हता. छतावर एक पंखा होता, त्याच्या मधल्या वाटीवर तेलाचे ओघळ होते, आणि ती उघड्या डोळ्यांनी ते ओघळ मोजत निपचित पडली होती, म्हणून सगळे म्हणाले, शहाणी बाई आहे. जे बाळ त्या दिवशी तिच्या छातीवर आणून टाकले ते आज तिच्या घरी स्वयंपाकघरात, तिची वाट पाहत, भाजी चिरत होते.

"दुसरी तारीख मिळाली आहे," मुलगी म्हणाली. "मी फोन केला होता. त्यांनी स्वतः बोलून तारीख दिली, आई. दुसरी कोणी असती तर तोंड बघितलं नसतं. ओठाला टाके पडलेत त्यांच्या."

"गरज नाही."

"म्हणजे?"

"मी पाहिलं ते. पांढरट, भुसभुशीत. असं यकृत आलं की मी सरळ बाद करते. विचारायला जात नाही कोणाला."

"तू यकृताचं सांगतेस!"

"गर्भाशयंसुद्धा येतात टेबलावर. आजारी पण येतात. मला कळतं."

मुलीने सुरी ठेवली. "तुला जनावराचं कळतं."

"आत सगळं सारखंच असतं. मला आहे तो रोग. झालं, समजलं. आता त्यासाठी पुन्हा तिथं जाऊन..." तिने वाक्य सोडून दिले आणि पाण्याचा तांब्या उचलला.

"जाऊन काय? बोल ना. जाऊन आडवं पडायचं नाही, एवढंच आहे सगळं. आणि त्यासाठी तू स्वतःला कॅन्सर लावून घ्यायला तयार आहेस. कमाल आहे. लोक रिपोर्ट चांगला यावा म्हणून रडतात, आणि ही बाई रिपोर्टच नको म्हणून मरायला निघाली आहे."

"आवाज खाली."

"नाही करणार. आणि रिफ्लेक्स म्हणे! मला नको सांगूस रिफ्लेक्स. मला मारायचीस तेव्हाही हेच म्हणायचीस. हात आपोआप उठला गं, बाळा. मग हळद लावायचीस, मग जवळ घ्यायचीस. माझ्या या कानातून रक्त आलं त्या दिवशी तू आधी हातातलं घड्याळ काढून फळीवर ठेवलं होतंस. मी पाहिलं होतं. आपोआप उठणारा हात घड्याळ काढून ठेवतो का?"

तिचा हात उठला. तांब्या हातात असतानाच उठला, पाणी कोपरापर्यंत आले, आणि समोर एकतीस वर्षांची ती बाई, जी शाळेत चाळीस मुलांना धाकात ठेवते, तिने क्षणात मान खांद्यात घेतली आणि डावा कान झाकला. कितीतरी वर्षांत हात उठला नव्हता, तरी मान बरोबर त्या जागी गेली. तेवढेच खरोखर आपोआप झालेले होते. हात वरच राहिला. पाणी फरशीवर टपटपत होते. मारून टाकावे, असे तिला वाटले. कोणाला ते ठरत नव्हते. ती मान जिने शिकवली त्या बाईला, किंवा त्या दोघींना ज्यांनी गुडघे धरले होते, किंवा त्या क्लचवाल्याला, जो बहुधा आता म्हातारा होऊन कुठेतरी चहात बिस्किट बुडवत असेल. तिने तांब्या ओट्यावर ठेवला. तो इतक्या जोराने ठेवला गेला की त्याचे बूड चेपले. "कधीची तारीख आहे?" तिने विचारले.

डॉक्टरीणबाईंचा वरचा ओठ एका बाजूला सुजलेला होता आणि काळ्या धाग्याची दोन टोके बाहेर आली होती. त्या फाइल उघडू लागल्या, तेवढ्यात ती उभी राहूनच म्हणाली, "ती लाथ मी मुद्दाम मारली. रिफ्लेक्स नव्हती. तुमचं तोंड वर यायची वाट पाहिली मी." मुलगी शेजारी होती, तिने डोळे मिटून घेतले. दाराशी उभी असलेली सिस्टर "बघा!" म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पाय पट्ट्यातून काढलात तो दिसला मला. म्हणून तर मान वर केली, म्हटलं यांना चक्कर येतेय की काय."

"मग तसं का सांगितलंत सिस्टरना?"

"सिस्टर सिक्युरिटीला बोलवायला निघाल्या होत्या. आणि तोंडात रक्त असताना लांब वाक्य बोलता येत नाही." त्यांना हसायचे होते, पण ओठाने हसू दिले नाही. "राग आहे मला. खोटं कशाला बोलू? जेवताना येतो, दात घासताना येतो. पण तुम्ही थांबा म्हणाला होतात. ते मी ऐकलं होतं, आणि तरी नळी घातली. वर्षानुवर्षं करते आहे मी हे काम. थांबा सगळ्याच म्हणतात. थांबलं तर तुकडा मिळत नाही, बाई पुन्हा येत नाही, आणि सहा महिन्यांनी येते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून मी थांबत नाही. सवय झाली आहे."

तिने खुर्ची ओढली आणि बसली. "तो तुकडा मी पाहिला होता. खराब होता."

"तुम्हाला कसं कळलं?"

तिने आपले काम सांगितले. डॉक्टरीणबाईंनी ते मन लावून ऐकले, एकदोन प्रश्नही विचारले. "माझ्या डोळ्यांना तो तुकडा नेहमीसारखाच दिसला होता," मग त्या म्हणाल्या. "नळीतून आलेलं अस्तर असंच दिसतं, चांगलं असो वा वाईट. नुसत्या डोळ्यांनी मला कळत नाही. तुम्हाला कळत असेल तर मी तुम्हाला इथं नोकरी देते." आता मुलगीच हसली, नाकातून, नको असताना. डॉक्टरीणबाईंनी मग दुसरा मार्ग सांगितला. या वेळी आंधळेपणाने नळी नको. पेन्सिलीहून बारीक दुर्बीण आत जाईल, पाण्याच्या दाबाने आतली पोकळी उघडेल, पडद्यावर सगळे दिसेल, आणि जिथे शंका येईल नेमक्या तिथला कण घेता येईल. अणकुचीदार चिमटा लागणार नाही. आधी जागा बधिर करू. "हवं तर पूर्ण झोपवूनही करता येईल."

"झोपवायचं नाही," ती म्हणाली. पिस्तुलाचा टेकलेला गोल तिच्या कपाळाला क्षणभर जाणवला. "आणि मी थांबा म्हटलं की थांबायचं."

"थांबेन. पण लाथ नको. माझे दात मोजकेच राहिलेत." त्या फाइल उघडत म्हणाल्या, "पाय बांधणारच नाही."

पाय न बांधता उताणे पडणे हे बांधून पडण्यापेक्षा अवघड निघाले. गुडघे स्वतःच दूर धरायचे, प्रत्येक क्षणी पुन्हा ठरवून. सुई टोचली तेव्हा तिने दात आवळले, दुर्बीण शिरली तेव्हा आत गार पाणी पसरले आणि जुनी कळ, तीच, तळातून उठून माकडहाडाला भिडली. उजव्या पायाला टाच सरळ करायची होती. डोके तिथेच होते, टप्प्यात, टाक्यांसकट. "थांबा," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. पाणीही थांबले. "झालंच" नाही, "थोडंसंच" नाही. तिने वाट पाहिली, की आता म्हणतील, आता पुढे ढकलतील. कोणी ढकलले नाही. आणि त्या स्तब्धतेत तिच्या अंगात जो संताप उसळला तसा या टेबलांवर तिला कधीच आला नव्हता. इतके सोपे होते हे? एका शब्दाचे काम होते? मग त्या दिवशी का नाही, आणि त्या आधी का नाही, आणि तिने स्वतः, घड्याळ काढून ठेवताना, समोरचे लेकरू "नको ना आई" म्हणत असताना, का नाही? तिने शेजारी आलेला सिस्टरचा हात पकडला आणि आवळला. "ताई, बोटं मोडतील माझी," सिस्टर म्हणाली. "मोडू देत," ती म्हणाली, आणि घशातून एक आवाज काढला, जो साखळीवर लटकणाऱ्या कोणत्याही जनावराने कधी काढला नव्हता, कारण तेथवर पोचताना त्यांच्यात आवाज उरलेला नसतो. सिस्टरने हात काढून घेतला नाही. किती वेळ गेला ते कोणी पाहिले नाही. डॉक्टरीणबाईंचे मनगट अवघडले असावे, त्यांनी कोपर गुडघ्यावर टेकवले, एवढेच.

"बघायचंय मला," अखेर ती म्हणाली.

सिस्टरने मोकळ्या हाताने पडदा तिच्याकडे वळवला. गुलाबी, लिबलिबीत, कुठेकुठे पांढरट छटा असलेली एक पोकळी. पाण्यात बारीक धागे हलत होते. डाव्या बाजूला, वर, भिंतीतून एक लहान उंचवटा पुढे आलेला होता आणि त्याच्या अंगावरून वळवळत गेलेल्या लाल रेषा दिसत होत्या. तिने तो अगदी जवळून पाहिला. कडा पाहिल्या, रंग पाहिला, रेषा कुठून कुठे जातात ते पाहिले, टेबलावर ज्या क्रमाने पाहते त्याच क्रमाने. हातात असता तर दाबून पाहिला असता, चिरला असता. शिक्का कोणता, हे तिला सांगता येईना.

"काय आहे ते?"

"नाही सांगता येत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसता फुगवटा असू शकतो. दुसरंही असू शकतं. घेतल्याशिवाय कळणार नाही. घेऊ?"

पडद्याच्या कोपऱ्यातून तांदळाच्या दाण्याएवढा एक जबडा आत आला, उघडला, आणि उंचवट्यापासून केसभर अंतरावर तसाच उघडा राहिला. दाराच्या काचेपलीकडे मुलगी उभी होती. तिची पाठ दिसत होती. गुडघे जवळ येऊ पाहत होते. तिने ते दूर केले.

"घ्या," ती म्हणाली.

जबडा मिटला. त्याने ओढले तेव्हा तो उंचवटा ताणला गेला, लांब झाला, सुटेना. आत कोणी तरी तिला मुळापासून उपटत होते आणि ती ते उघड्या डोळ्यांनी पाहत होती. मग तुकडा सुटला. जिथून तो गेला तिथून रक्ताचा एक धागा पाण्यात वर चढला, फिरला, पसरला, आणि सगळा पडदा लाल झाला.